खालून पेटलेलं शेत

माझ्या नवऱ्याने सख्ख्या भावाचा हात फावड्याच्या दांड्याने मोडला, तेव्हा चरात गुडघाभर पाणी होतं आणि दादा त्या पाण्यात उभे राहून फळी बसवत होते. दादा म्हणजे माझे थोरले दीर. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मनगटाच्या वर. कडकन आवाज आला. दादा ओरडले नाहीत. मोडलेला हात त्यांनी चांगल्या हाताने छातीशी धरला आणि वाहून चाललेली फळी पायाने अडवली. मला खरा राग आला तो याचा. हाड मोडलंय, आणि हा माणूस फळी वाचवतोय.

भांडण त्या फळ्यांचंच होतं. शेताच्या खालच्या टोकाला आमचा मोठा चर आहे. चरात दोन खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक बसवलेल्या लांब फळ्या. फळ्या घातल्या की पाणी तुंबतं आणि शेतात वर चढतं, काढल्या की नदीकडे पळतं. दादा सकाळी घालायचे, माझा नवरा दुपारी काढायचा. मामंजींनी मरताना जमीन दोघांत वाटली, चर मात्र सामाईक ठेवला. शहाण्या माणसाने जाता जाता असा गाढवपणा करून ठेवावा.

नवऱ्याला मी पूर्वी 'हे' म्हणायची. आता 'तो' म्हणते, आणि कुणाला खटकलं तर खटकू दे.

त्याचंही अगदी खोटं नव्हतं. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर पोटापर्यंत रुततो, कांदा मुळाशी सडतो. पण ही जमीन चारचौघांच्या जमिनीसारखी नाही. वरचा हातभर थर काळाभोर, मऊ, काहीही पेरा, वर येतं. त्याच्या खाली पुरुषभर खोल तपकिरी थर, आणि ती माती नव्हेच. जुन्या दलदलीतलं गवत, लव्हाळं, शेवाळ, पाण्याखाली राहिल्यामुळे कुजायचं राहून गेलेलं. मूठभर घेऊन पिळलं तर चहाचा चोथा पिळल्यासारखं पाणी येतं आणि हातात अख्खं पान राहतं. पार तळाला निळी चिकणमाती, तिच्यात काही पिकत नाही. शेतीखात्याचा माणूस या जमिनीला पीट म्हणतो, आम्ही नुसतं 'काळी' म्हणतो.

पाणी आहे तोवर काळी जमीन असते. पाणी काढलं की ती बसते, वाऱ्याने उडते आणि पेटते. आमचं घर खालच्या निळ्या मातीत रोवलेल्या खांबांवर उभं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा दारापुढे एक पायरी होती, आता जिना झालाय. घर वर गेलं नाही, जमीन खाली गेली. म्हणून आमच्याकडे शेगडीची राखसुद्धा बादलीत विझवल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. शेतात सिगारेट पेटवणाऱ्या एकाला दादांनी कानफटवलं होतं, आणि तो घरचा पाहुणा होता.

अशा जमिनीवर माझ्या नवऱ्याने चर कोरडा करून, कांद्याची वाळलेली पात ढीग घालून पेटवली.

ज्वाळा लवकर विझल्या. तो हात झटकत घरी आला. म्हणाला, "बघितलंस? दादा उगाच बाऊ करतो." आग विझली नव्हती, खाली उतरली होती. काही दिवसांनी जळक्या केसांसारखा वास सुटला. धूर आज इथून निघायचा, उद्या भलतीकडूनच.

"फळ्या घाल," दादा त्याला म्हणाले. "पाणी वर चढलं की विझेल. दुसरा इलाज नाही."

"म्हणजे पुन्हा तुझंच खरं. माझ्या शेताचा चिखल."

"शेत राहिलं तर चिखल होईल ना."

पालथ्या घड्यावर पाणी. त्याने आगीच्या वाटेत कमरेएवढा खंदक खणला, अंगातला सगळा संताप काढून खणला. साध्या रानात आग अशीच अडवतात. इथे खंदक निळ्या मातीपर्यंत गेला नाही तर आग खालून पलीकडे जाते, आणि उघड्या पडलेल्या कडांतून तिला वारा मिळतो. म्हणजे त्याने घाम गाळून तिला चूलच बांधून दिली. दादांनी हे एकदा शांतपणे सांगून पाहिलं, मग बोलणं सोडून सरळ चरात उतरले. त्यांच्या हाताचं पुढे काय झालं ते सांगितलंच आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी म्हटलं, "सख्ख्या भावावर हात उचललात, लाज वाटू द्या जरा." त्याने केसांना धरून माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. दात ओठात घुसला. "तू बायको कुणाची?" तो विचारत होता. मी तोंडातलं रक्त त्याच्या शर्टावर थुंकले. तेव्हा पोटात लाथ बसली, आणि मी खाली पडल्यावर आणखी बसल्या. मार थांबला तो त्याला दम लागला म्हणून.

सकाळी तो ट्रॅक्टरचा पट्टा आणायला गावात गेला. मी कण्हत शेतात उतरले. कांद्यावर दंव पडलं होतं, पण मधोमध मोठा पट्टा कोरडा ठणठणीत होता. जिथे दंव टिकत नाही तिथे खाली निखारे असतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वर पात हिरवी आणि खाली पोकळी. पट्टा घराच्या रोखाने सरकला होता.

दादा हात गळ्यात बांधून चरावर येऊन बसलेलेच होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "रडायचं नंतर. आधी फळ्या." मी फळ्या उचलून खाचांत सोडल्या, त्यांनी टाचेने ठोकून बसवल्या. पाणी थांबलं, फुगलं, शेताच्या कडेने चढायला लागलं. दुपारपर्यंत कडेची जमीन सूं सूं करत वाफ सोडायला लागली. आग मरतानाचा तो आवाज. मला इतका आनंद झाला की हसताना फुटलेला ओठ पुन्हा फाटला. पाणी मधोमध पोचायला अजून संध्याकाळ लागली असती.

तेवढ्यात तो आला. सडकेवरूनच त्याने भरलेला चर बघितला, फावडं उचललं आणि बांधाने न येता शेतातून सरळ आमच्या अंगावर निघाला.

"अहो, तिकडून नका," मी ओरडले. "तिथे दंव नव्हतं."

"तुझ्या बापाचं दंव," तो म्हणाला आणि पळायला लागला. "दोघांनाही इथेच गाडतो."

फावडं त्याने डोक्यावर उगारलं होतं. जमिनीने आवाजसुद्धा केला नाही. तो कमरेपर्यंत आत गेला, आणि मग किंचाळला. माणसाच्या गळ्यातून तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो कडेवर कोपर टेकून वर यायला बघायचा, कड ढासळायची, आणि ठिणग्या उसळायच्या.

"फळ्या काढ," दादा म्हणाले.

मला कळलं. चालत गेलो तर आम्हीही आत. लांब फळ्या आडव्या टाकल्या तरच वजन पसरतं, आणि दुसरं लाकूड आणायचं तर घर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला.

"दादा, पाणी जाईल. वरून यायचं होतं तेवढं हेच, पाऊस पडून पुन्हा चढेपर्यंत काही उरणार नाही."

"जाऊ दे."

"सगळी काळी जाईल. घर जाईल."

"अगं, तो जळतोय."

माझ्या मनात आलं, जळू दे. डोकं ठणकत होतं, पोटात कळा येत होत्या, आणि मला मनापासून वाटलं, जळू दे. दादा एका हाताने फळी उपटायला लागले. ती हलेना. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी चरात उडी मारली आणि एकेक फळी ओढून काढली. पाणी माझ्या मांड्यांवर आदळत नदीकडे पळालं.

फळ्या टाकत गेलो. पोटावर सरपटत पुढे मी गेले, कारण दादांना एकच हात होता. फळीखालून धग लागत होती. मी त्याच्या काखेत हात घातले, तर त्याने माझा दंड धरून मलाच आत ओढलं, बुडणारा ओढतो तसं. मी त्याच्या तोंडावर गुद्दा घातला. नाक फुटलं, पकड सुटली, मग मी ओढला. बूट आतच राहिले. बुटांबरोबर कातडीही राहिली.

आग पुढे कित्येक महिने जळत होती. काळी सगळी गेली, आता तिथे नुसती निळी माती आहे. घर एका बाजूला कललं, मग पडलं. डॉक्टरांनी त्याचे पाय गुडघ्याखाली कापले. आम्ही तिघं गावातल्या एका खोलीत राहतो. दादांचा हात वाकडा जुळला. त्याच हाताने ते रोज भावाला कुशीवर वळवतात, आणि मी जखमा धुते.

काल मी पट्टी सोडत होते, दादा चादर सारखी करत होते. तो छताकडे बघत होता. म्हणाला, "शेवटी काढल्याच ना फळ्या? दादा, माझंच खरं झालं." आणि हसला.

दादांचे हात चादरीवर थांबले. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्या मुस्कटात मारली. मग दुसऱ्या गालावर मारली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा दादांनी तो धरला.

"नको गं. त्याला लागतंय."

"लागू दे," मी म्हटलं. "तेव्हा लागत होतं म्हणून फळ्या काढल्या, दादा. आता काढायला काय उरलंय आपल्याकडे?"