पायाळू रियाचा डावा पाय

ग्लिनिस, हसू नको गो, आणि एल्टन, तूही आधी ऐक. माझं डोकं अजून तापलंय.

माझी भाची रिया, सिद्धेशदादाची. चौदा महिन्यांची. पोटात उलटी होती, सिझर करून काढली, पण आधी पाय निघाले ना, मग झाली ती पायाळू! पायाळूचा पाय लागला की कंबरेतली उसण जाते म्हणे. झालं! अर्धं कसाल गाव आमच्या ओट्यावर पालथं. कोण केळी घेऊन येतंय, कोण नारळ. आई पोरीला उचलणार आणि तिचा डावा पाय त्यांच्या पाठीवर टेकवणार. डावाच हवा सगळ्यांना!

आणि तो पाय नीट बघितला कोणी? कोणीच नाही! मीसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात लंगोट बदलताना मला दिसलं, डाव्या मांडीवर एक वळी जास्त आहे. मांडी बाहेर उघडतच नव्हती. चालायला लागली तीही एका बाजूला झुकत. आई म्हणते, "लाडान चलता गो."

लाडानं?

डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला. खुब्याचा गोळा वाटीत नाहीच. म्हणाले, "बाळ पायाळू होतं ना? जन्मानंतर सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी सांगितली नव्हती?" सांगितली होती रे! डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय. तेव्हा कळलं असतं तर मांड्या फाकवून धरणाऱ्या पट्ट्यांवर भागलं असतं. आता भूल देऊन गोळा बसवणार, छातीपासून पायापर्यंत प्लास्टर, तेही काही महिने. नाहीच बसला तर मोठं ऑपरेशन.

आज सकाळी ॲडमिट करायला निघालो, रिक्षा दारात, आणि शेजारचे दाजी कंबर धरून हजर.

"एकदाच लाव गो बायचो पाय. मगे जावा."

आणि आईने पोरीला पुढे केलं! खरंच केलं, एल्टन! मी ओरडणार, तेवढ्यात वहिनीने रियाला ओढून घेतली. आमची नम्रता वहिनी, जी आईसमोर कधी आवाज चढवत नाही! तिने रियाला ओट्यावर उताणी ठेवली, दोन्ही गुडघे दुमडले, तळवे टेकवले.

"दाजी, बघा."

डावा गुडघा उजव्यापेक्षा बोटभर खाली. आंधळ्यालाही दिसला असता.

दाजी कंबर धरून खाली वाकले. मग हळूच म्हणाले, "माका कोणी सांगूक नाय."

"इचारलंस कधी?" मी किंचाळले. "वर्षभर पाय लावून घेतलंस, एकदा तरी इचारलंस, पोराचा कसा आसा?"

आई रडायला लागली. मला दया नाही आली, खरं सांगते. वहिनी रियाला घेऊन रिक्षात बसली आणि आईला म्हणाली, "तुम्ही आज घरीच थांबा."

उद्या सकाळी नऊ वाजता रियाला ऑपरेशन थिएटरमध्ये घेणार आहेत.