काकांच्या थांबण्याच्या जागा

महोत्सवाची वेबसाइट सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तोच पुतणीला काकांचा फोन आला. काका सहसा फोन करत नसत. घरातलं बोलण्याचं खातं काकूकडे होतं. काकांनी खोकला गेला का विचारलं, नव्या घरात पाणी नीट येतं का विचारलं, आणि मग म्हणाले, "महोत्सवाच्या पानावरून माझं नाव काढता येईल का गं, शहाणे? तुझ्याच हातात आहे ना ते?"

पुतणीने कारण विचारलं. काका म्हणाले, मनगट. मनगट पूर्वी दुखायचं आणि त्यापायीच त्यांनी लोकांसमोर वाजवणं सोडलं होतं, पण आता ते बरं झालं होतं आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. बघते म्हणून तिने फोन ठेवला आणि संध्याकाळी थेट त्यांच्याकडे गेली.

ते घर तिचंच म्हटलं तरी चालेल. आईवडिलांची नोकरी बदलीची, म्हणून शाळेची शेवटची वर्षं आणि सगळं कॉलेज तिने तिथे काढलं होतं. आतल्या खोलीत ती भौतिकशास्त्राची गणितं सोडवायची आणि बाहेर काका व्हायोलिन वाजवायचे. त्यांची एक रीत होती. एक ओळ वाजवायची आणि थांबायचं. असं थांबायचं की आत तिची पेन्सिलही थांबायची. मग पुढची ओळ यायची, आधीच्या ओळीने काहीतरी विचारलं असावं तशी. काकू स्वयंपाकघरातून विचारायची, "झोप लागली का?" आणि काका मुद्दाम आणखी थोडं थांबायचे.

संगीत महोत्सवाच्या वेबसाइटचं काम तिला मिळालं तेव्हा संयोजकांकडे काकांचं नाव तिनेच सुचवलं. काकांना राजी केलं तेही तिनेच. त्यांच्याच बैठकीच्या खोलीत, खिडक्या लावून, तिने त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करून घेतलं.

वेबसाइट सगळ्यांना आवडली होती. रंग डोळ्यांना न खुपणारे, अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येणारी. तिने ती काकूला वापरायला देऊन तपासली होती. काकूच्या अंगठ्याखाली एका वेळी दोन बटणं दाबली जात, म्हणून बटणं मोठी केली, तेव्हा काकू म्हणाली होती, "आता कशी माणसांसाठी झाली." प्रत्येक कलाकाराच्या फोटोखाली 'ऐका' असं बटण होतं. संयोजकांची त्याबद्दल एकच अट होती: बटण दाबलं की वाजलंच पाहिजे, मध्ये क्षणभर जरी शांत वाटलं तरी लोक पुढे निघून जातात. त्यात खोटं काही नव्हतं. तिने स्वतः ते तपासून पाहिलं होतं. म्हणून तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. क्लिपमध्ये आवाज जिथे ठरावीक पातळीखाली जाईल तेवढा भाग कापायचा आणि दोन्ही टोकं जोडून द्यायची. ड्रमवाल्यांना त्याने काही फरक पडला नाही. गाणाऱ्यांचं सुरुवातीचं खाकरणं गेलं.

दार काकूने उघडलं. "बघ बाई तूच. व्हायोलिन पेटीत आणि पेटी कपाटावर. मला म्हणतात, झाडायला सोपं पडेल."

काकांनी फोन पुढे केला आणि 'ऐका' दाबलं. ओळीला ओळ चिकटून येत होती, मध्ये श्वास नव्हता. बस सुटेल म्हणून धावत सुटलेल्या माणसासारखं ते वाजत होतं.

"वाजवताना मला वाटत होतं, मी थांबतोय," काका म्हणाले. "मनातच थांबत असणार. हात काही थांबत नाहीत आता. हे ऐकवायला लोकांना कशाला बोलवायचं?"

काय झालं ते तिला तिथल्या तिथे कळलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागे दुसरं उभं होतं आणि ते तिला दिसत होतं. बाकीच्यांच्या क्लिप तिने सुरू होतात की नाही एवढंच पाहिलं होतं. काकांची मात्र मायेपोटी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती, फोनवर आलेल्या निरोपांना उत्तरं देता देता. छान, आटोपशीर झालीय, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

"मला तर बरं वाटलं," ती म्हणाली. नाव काढायला संयोजकांना थोडा वेळ लागतो असंही तिने सांगून टाकलं. ते खरं नव्हतं.

घरी जाऊन तिने काकांचं मूळ रेकॉर्डिंग जागेवर लावलं. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. काका पुन्हा ऐकतील, आपण उगाच घाबरलो म्हणतील, विषय संपेल. कुणालाच काही सांगावं लागणार नाही. हा हिशेब तिला त्या वेळी सभ्यच वाटला.

दोनेक दिवसांनी ती कामात असताना काकूचा फोन आला. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. काकांनी ती क्लिप पुन्हा ऐकली होती आणि आता त्यांना त्यात थांबलेलं ऐकू येत होतं. आधी तुला काय ऐकू आलं होतं, असं त्यांनी काकूला विचारलं होतं. काकूला ते कुठलं आठवायला. तेव्हापासून ते कानाच्या डॉक्टरकडे नंबर लाव म्हणत होते. कानाचं निघालं तर सुटलो, नाहीतर डोक्याचं असणार, असं म्हणत होते.

"तू ये जरा," काकू म्हणाली. एरवी तिने यावर दहा टोमणे मारले असते.

पुतणी भर दुपारी हातातलं काम टाकून निघाली. काका टेबलाशी बसले होते, फोन पालथा ठेवलेला. ती बसली नाही.

"काका, तुमचे कान ठीक आहेत. हातही ठीक आहेत. ते मी कापलं होतं."

मग तिने सगळं सांगितलं. प्रोग्रॅम कसा चालतो, पातळी म्हणजे काय, गरजेपेक्षा जास्तच. काकांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे यंत्राला कळलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"मेलं यंत्रच ते," काकू म्हणाली.

दोघांनी मिळून तिच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. त्या वाटेने निघून जाता आलं असतं.

"मी ऐकली होती," ती म्हणाली. "लावायच्या आधी. पूर्ण. मला काही चुकलंय असं वाटलं नाही."

काकूने ओट्यावरचं एक भांडं उचललं आणि तिथेच परत ठेवलं.

"आणि नंतर बदललीस," काका म्हणाले.

"हो."

"मला न सांगता."

"हो."

काकांनी मान हलवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "घराच्या किल्ल्या, औषधं, सगळं कुठे असतं ते काल तुझ्या काकूला दाखवून ठेवलं मी. विसरायला लागायच्या आधी."

माफ करा हे शब्द तिच्या तोंडात आले, पण काकांना आता तेही ऐकून घ्यावं लागेल असं वाटून तिने ते गिळले.

"पेटी काढ," काका म्हणाले.

ती खुर्चीवर चढली. पेटीवर खरंच धूळ बसायला लागली होती. काकांनी तारा जुळवल्या, एक ओळ वाजवली आणि थांबले. तिला सवयीने सेकंद मोजावेसे वाटले. तिने स्वतःला आवरलं. स्वयंपाकघरातून कुणी झोप लागली का विचारलं नाही. काका तिच्याकडेच बघत होते आणि तिला नजर कुठे ठेवावी कळत नव्हतं. मग पुढची ओळ आली.

संपल्यावर त्यांनी मनगट चोळलं. "नाव राहू दे. पण माझ्या फोटोखाली ते बटण नको."

"आता मूळचीच लावलीय, काका. अख्खी."

"असू दे."

बटण नसलेल्या कलाकाराकडे लोक वळत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी ती 'बरं' म्हणाली.

"आणि महोत्सवाच्या दिवशी पुढच्या रांगेत बसायचं. फोन काकूकडे द्यायचा."

"माझ्याकडे नको," काकू म्हणाली, "माझ्याने दोन-दोन दाबली जातात." कुणी फारसं हसलं नाही, पण काकूने चहा टाकला.

घरी येऊन तिने काकांच्या फोटोखालचं बटण काढलं. मग बाकीच्या कलाकारांच्या क्लिप उघडल्या, मूळ रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं आणि दुसरं काहीही न करता एकेक ऐकायला घेतली. तिसरी क्लिप एका गायिकेची होती. मूळ रेकॉर्डिंगमध्ये वरचा स्वर लावण्याआधी ती थबकत होती, श्वास घेत होती, आणि मगच तिथे पोचत होती. वेबसाइटवर ती नुसतीच पोचलेली होती.

गायिकेने तक्रार केलेली नव्हती. कदाचित तिनेही आपलाच आवाज गेला असा समज करून घेतला असेल. पुतणीने तिचा नंबर शोधला, पहिलं वाक्य मनात जुळवलं आणि त्याच्यामागचं दुसरंही. मग फोन लावला.