मागच्या खोलीची शांतता

आईची खारूताई पुरुष निघाली, तिथूनच मला संशय यायला लागला.

कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आईने आयुष्यभर लोकांचे कपडे आत घेतले, बाहेर सोडले, लांडे केले. निवृत्त झाल्यावर ती त्याबद्दल बोलायला लागली. ‘उसवण’ नावाचा तिचा पॉडकास्ट होता. ऐकणारे मोजकेच, पण घट्ट. त्यांतले काही जण टोपणनावाने स्वतःही ब्लॉग लिहायचे, एकमेकांचं वाचायचे आणि चुका काढायचे. प्रत्यक्ष कुणीच कुणाला भेटलेलं नव्हतं. आईच्या तोंडी सतत एक नाव असायचं. “खारूताई म्हणते, मी फार भरभर बोलते.” “खारूताईने काय झकास लिहिलंय बघ, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांवर.” माझ्या डोळ्यांपुढे चष्मा कपाळावर सरकवलेली, आईच्या वयाची एक बाई उभी होती.

आई गेल्याच्या दोन ओळी मी तिच्या पॉडकास्टखाली प्रतिक्रियेत टाकल्या. पुढच्याच आठवड्यात फोन आला. आवाज घोगरा, भरदार.

“मी खारूताई बोलतोय.”

“कोण?”

“म्हणजे काकूंच्या रेकॉर्डिंगची काटछाट मी करतो. एरवी लिफ्टची दुरुस्ती करतो. तुमचा नंबर काकूंनीच देऊन ठेवला होता.”

कशासाठी देऊन ठेवला होता, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो.

शेवटचा भाग आईने त्याच्याकडे पाठवला होता. तो नेटवर चढवायचा होता, पण एक अडचण होती.

“ताई, काकू झोपायच्या ना, घरातल्या त्या मागच्या खोलीत फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि थोडा वेळ कुणी काही बोलू नका. तेवढं मला पाठवा.”

“काही न बोलता रेकॉर्ड काय करायचं?”

“खोली.”

मग त्याने समजावलं. बोलून झालं की यांच्यातल्या प्रत्येकाने थोडा वेळ गप्प बसायचं, रेकॉर्डिंग चालूच ठेवून. याला ते ‘खोली घेणं’ म्हणत. मधला एखादा आवाज कापला की तिथे भोक पडतं, ऐकणाऱ्याला फोन कट झाल्यासारखं वाटतं. त्या भोकात त्याच खोलीची शांतता भरायची. आई एरवी पुढच्या खोलीत बोलायची. हा भाग मागच्या खोलीतला एकमेव, आणि त्यात खोली घ्यायची राहून गेली होती.

“आधी मूळ रेकॉर्डिंग मला पाठवा,” मी म्हणाले. आईचा फोन कुणालाच उघडता येत नव्हता.

“ते नाही देता येणार. काकूंनी बजावलंय, कच्चं द्यायचं नाही.”

“परक्यांना. मी मुलगी आहे.”

“तुमचंच नाव घेऊन बजावलंय, ताई.”

मी फोन ठेवला आणि दादाला लावला.

“सरळसरळ फसवणूक,” दादा म्हणाला. “हल्ली चिमूटभर आवाज मिळाला की गेलेल्या माणसालाही बोलतं करतात. उद्या आई साबण विकायला लागेल बघ.”

“आई? साबण?”

“आवडलंही असतं म्हणा तिला. पण तू काही देऊ नकोस.”

“अरे, तो शांतता मागतोय.”

“आज शांतता मागतोय, उद्या ओटीपी मागेल.”

मी खारूताईचा ब्लॉग पहिल्यापासून वाचून काढला. आमच्या घरातलं काही बाहेर काढलंय का, ते शोधत होते. अडकलेली माणसं सुटल्यावर पहिलं वाक्य काय बोलतात, यावर त्याने बरंच लिहिलं होतं. आमच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याने माझं समाधान झालं नाही. इतकं जपून लिहिणारा माणूस आणखीही काही जपून ठेवत असणार.

आईच्या तोंडात कुणी तिचे नसलेले शब्द घातले असते, तर ते मला सहन झालं नसतं. आता तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं. म्हणून मी सापळा लावला. आईच्या आजारपणात भाड्याने आणलेला पलंग परत गेल्यापासून मागच्या खोलीचं दार मी लावून घेतलं होतं. फोन मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, गप्प उभी राहिले आणि तीच शांतता त्याला पाठवून दिली. त्याला खरोखर त्याच खोलीची गरज असेल, तर तो कुरकुर करेल. गुपचूप घेतली, तर हे सगळं निमित्तच होतं म्हणायचं.

“मिळालं. आभारी आहे, ताई,” एवढंच उत्तर आलं.

सापडला, असं मी दादाला कळवलं.

दोन दिवसांनी त्याने तयार झालेला भाग पाठवला. सोबत लिहिलं होतं, “तुम्ही हो म्हटल्याशिवाय चढवणार नाही.”

दुपारी कानात हेडफोन घालून मी टेबलाशी बसले. वही-पेन घेतलं होतं, खोटं पकडायला. आई बोलायला लागली. “माणूस वाळला ना, की कपड्याला ते आधी खांद्यावर कळतं. कमरेला पट्टा आवळता येतो, खांद्याला काय आवळणार?” आणि मध्येच, अगदी श्वासाएवढा, आमचा फ्रिज घुरघुरला.

मग पुन्हा आई. पुन्हा फ्रिज.

चुकीच्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेल्या कोटासारखं होतं ते. मी दिलेल्या खोट्या शांततेने त्याची टीप न् टीप उघडी पाडली होती. जिथे जिथे त्याचा हात लागला, तिथे तिथे फ्रिज. आणि तो कुठे लागला होता? वाक्य संपताना, दम खाताना, आईला खोकला यायचा नेमक्या त्याच जागी. दोन घुरघुरींच्या मधलं सगळं अखंड होतं आणि तिचंच होतं. त्यात कुणाचा एक शब्द मिसळलेला नव्हता.

फक्त एका ठिकाणी फ्रिज लांबला. एवढा लांब खोकला नसतो. मी लगेच फोन लावला.

“त्या खांद्याच्या बोलण्यानंतर काय कापलंय?”

“ऐकू आलं का?” तो ओशाळला. “फ्रिज आहे ना तो? माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“वाटलं, त्या खोलीत जाणं तुम्हाला जमलं नसेल. परत कसं मागायचं?”

मी मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. “आणि तो लांबलेला फ्रिज?”

“तिथे तुमचा आवाज आहे,” तो म्हणाला. “विचारल्याशिवाय कुणाचा आवाज चढवायचा नाही, असं आमचं आहे. तुम्हाला विचारणारच होतो, धीर होत नव्हता. तेवढा तुकडा पाठवतो. बाकीचं कच्चं मात्र नको. काकू म्हणाल्या, पोरीने वर्षभर माझा खोकला ऐकलाय, आता पुन्हा नको.”

तुकडा आला. दार वाजतं. पेला ठेवल्याचा आवाज.

“आई, गरम आहे, हळू.”

“अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“टोपी घाल आधी.”

“रेकॉर्डिंग चालू आहे. टोपी कुणाला दिसतेय?”

“मला दिसतेय.”

आई हसते. दार वाजतं. मग ती ऐकणाऱ्यांना म्हणते, “हं, तर खांदा.”

ते मी पुन्हा एकदा ऐकलं. मग उठून मागच्या खोलीचं दार उघडलं. पलंगाच्या पायांचे चार डाग फरशीवर तसेच होते. खिडकीशी तिची खुर्ची होती. मी रेकॉर्डिंग लावून फोन तिच्यावर ठेवला आणि खाली बसले. मला वाटलं होतं, इथे काहीच ऐकू येणार नाही. पण पडद्याची कडी गजावर हलत होती. भिंतीपलीकडे नळातून पाणी जात होतं. मी नाक ओढलं नाही. वाहू दिलं.

पाठवताना खाली लिहिलं, “टोपीचं राहू द्या, कापू नका.”

दादाला मी अजून कळवलेलं नव्हतं. तो म्हणणार, शेवटी तुलाही गंडवलंच.

खारूताईचं उत्तर संध्याकाळी आलं. “ही खोली बरोबर बसली. फक्त शेवटी दार लावल्याचा आवाज नाही आला. कापला गेला का?”

“नाही,” मी लिहिलं. “लावलंच नाही.”