गुन्वोरचा सूक्ष्मदर्शक आणि तपकिरी पेशी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. स्वीडनमधल्या उप्साला शहरात एका प्रयोगशाळेत खिडकीशी बसतो. जर्मनीतल्या कारागिरांनी भिंगं घासून घासून मला घडवलं. संगणक जोडलेले नवे आले तशी माझी विचारपूस कमी झाली, पण गुन्वोर मला सोडत नाही. एकतीस वर्षं ती इथे पेशींच्या काचपट्ट्या रंगवते आणि रोज माझी भिंगं पुसते. माझं अगदी छान चाललंय!

मित्रांनो, पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही असतात. बाहेरून आलेला निरोप ते आत पोचवतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात काही पेशींवर 'वाढा' हा निरोप घेणारे ग्राही फार माजतात, मग त्या पेशी थांबायचं नावच घेत नाहीत. गुन्वोरच्या रंगात हे ग्राही तपकिरी दिसतात; निरोगी पेशी मात्र जवळजवळ कोऱ्याच राहतात.

परवा आल्गोत यांच्या ग्रंथीचा तुकडा आला. सत्तरीतले, निवृत्त बोटचालक. ग्राही भरपूर निघाले तर शस्त्रक्रिया, कमी निघाले तर नुसती देखरेख, असं ठरलं होतं. डॉक्टर तूवानं माझ्यातून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाप रे, सगळं तपकिरी! आता त्यांना कसं सांगू?"

"थांब गं, जरा सरक." गुन्वोरनं काचपट्टी बाजूला सरकवली. "अगं, या तर धडधाकट पेशी. याही तपकिरी? शी! माझंच चुकलं."

रंग पाच मिनिटांत धुवायचा असतो. पण त्या सकाळी साडेनऊला कॉफीची वेळ झाली. तेव्हा सगळ्यांबरोबर न बसणं म्हणजे इथे भांडण झाल्यासारखंच. दालचिनीच्या पावावर गप्पा रंगल्या आणि इकडे काचपट्टी वीस मिनिटं रंगत राहिली.

"एकतीस वर्षांत पहिल्यांदाच चुकलीस?" तूवानं विचारलं.

"पहिल्यांदाच सापडले," गुन्वोर म्हणाली.

तिनं नवी काचपट्टी केली. कॉफी गार झाली तरी ती घड्याळासमोरून हलली नाही. या वेळी निरोगी पेशी स्वच्छ दिसल्या, आजारी पेशींच्या कडांना जेमतेम फिकट रंग होता. म्हणजे ग्राही कमी, शस्त्रक्रियेची गरज नाही! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तूवानं लगेच फोन लावला. पलीकडून आल्गोत म्हणाले, "म्हणजे यंदा बोट पाण्यात उतरवू ना?"

"उतरवा की! फक्त तपासणीला यायचं विसरू नका."

मित्रांनो, माझी भिंगं पुसत जा, पण माझ्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. त्या दिवशी मी चुकीचंच दाखवत होतो आणि मला पत्ताही नव्हता. शेजारची निरोगी पेशी पाहायचं गुन्वोरला सुचलं. दोन वर्षांनी ती निवृत्त होईल. तिच्या खुर्चीवर तुमच्यापैकी कोणी येणार का?