सोसायटीच्या वाचनालयातली मांडणी

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. केजजवळच्या एका गावात, सेवा सोसायटीच्या मागच्या खोलीत मी उभी आहे. माझ्या अंगावर आज पेंडीची पोती रचलेली आहेत. मित्रांनो, एके काळी इथे मासिके होती.

गहिनीनाथ सुताराने कडुलिंबाच्या लाकडातून मला घडवले. सोसायटीने तेव्हा नुकतेच वाचनालय काढले होते. माझ्या वरच्या फळीवर दिवाळी अंक असायचे आणि मधल्या फळीवर पुण्या-मुंबईची मासिके. अगदी खाली, वाकल्याशिवाय दिसणार नाहीत अशी, बारकी अनियतकालिके असत. कधी नांदेडहून यायची, कधी औरंगाबादहून, कधी वर्षभर यायचीच नाहीत.

हे सारे सांभाळायचे सोसायटीचे सचिव आसाराम. दिवसा ते खताचे वाटप बघायचे आणि कामकाज संपले की वाचनालय उघडायचे. कुणी लिहिलेले घेऊन आला, की त्यांना फार आनंद व्हायचा. चौसाळ्याचे एक मास्तर कविता घेऊन आले, तेव्हा त्यांच्यापुढे तीन वेगवेगळे अंक ठेवून आसाराम म्हणाले, "आधी हे वाचा. ज्याच्यात तुमची कविता शेजाऱ्यावाणी बसंल, तिथंच धाडा." पहिला संग्रह कोणता छोटा प्रकाशक मनापासून काढतो आणि कोणता नुसताच गोड बोलतो, तेही ते सांगायचे. मास्तरांची कविता छापून आली. तो अंक बघायला आले, तेव्हा जाता जाता त्यांनी मला कौतुकाने थोपटले होते.

मग शहाऐंशीचा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसू लागले. पाण्याचा टँकर चौकात यायचा, तो मला खिडकीतून दिसे. पण तो चौकात थांबत नसे. सरळ सोसायटीच्या चेअरमनच्या, तात्याबांच्या मोसंबीच्या बागेकडे वळायचा आणि उरलेसुरले पाणी घेऊन गावात यायचा. सगळे बघत होते. कुणी बोलत नव्हते.

त्या दिवसांत मनकर्णाबाई आल्या. त्या बौद्धवस्तीत राहायच्या, अंगणवाडी चालवायच्या. त्यांनी टँकरवर गोष्ट लिहिली होती. आसारामांनी ती वाचली आणि उठून दार लोटून घेतले.

"कुठं छापतील हो ही?" मनकर्णाबाईंनी विचारले.

आसाराम माझ्यापुढे वाकले. खालच्या फळीवरून त्यांनी एक पातळ अंक काढला. "हे छापतील. अशी गोष्ट हेच छापतात. पण बाई, लेखिकेचं नाव दुसरं टाका."

"कावून? लिहिलं तर मीच हाय."

 आसारामांनी पाकिटावर पत्ता घालून दिला.

पावसाने तोंड फिरवलेलेच होते. अंक आला, त्यात ती गोष्ट होती. दुसऱ्याच दिवशी तात्याबा वाचनालयात आले. याआधी ते कधी आले नव्हते. त्यांनी उभ्याउभ्या गोष्ट वाचली, अगदी सावकाश, आणि अंक जिथल्या तिथे ठेवला. मग खिशातून दोन मोसंब्या काढून टेबलावर ठेवल्या.

"घ्या, सचिव. औंदा लई गोड हायेत." ते हसले. "चांगलं लिवलंय बाईनं. इतक्या लांबचा पत्ता तिला कुणी दिला?"

"मीच दिला," आसाराम म्हणाले.

"बरं केलं," असे म्हणून तात्याबा गेले.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. काही न बोलता माझ्यावरचे अंक चाळायचे. ते आले, की बसलेली माणसे एकेक करून उठायची. काही दिवसांनी वाचायला कुणी येईना. टँकर बौद्धवस्तीकडे जाणेही बंद झाले. रस्ता खराब आहे, असे कारण सांगण्यात आले. आसारामांची सिरसाळ्याला बदली झाली आणि वाचनालयाच्या जागी गोदाम करायचे ठरले.

शेवटच्या दिवशी आसाराम खालच्या फळीवरचे अंक बांधत होते. मनकर्णाबाई आल्या. मागोमाग त्यांच्या शेजारच्या भामाबाई आल्या, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन. तीन कोस जाऊनही त्यांना पाणी मिळाले नव्हते.

"आपल्याला पाणी पायजे होतं, पोरी," भामाबाई म्हणाल्या. "गोष्ट कुणी मागितली होती?"

मनकर्णाबाई खाली बघत राहिल्या. आसारामांनी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "समद्यांचे पत्ते आत हायेत. पण बाई, आता लिहिणार न्हाई म्हणलात तरी मी तुमाला दोष देणार न्हाई. पत्ता दिला आन् मी चाललो. हितं ऱ्हायचंय तुमाला."

 बाहेर तात्याबांची जीप येऊन थांबली. इंजिन बंद झाले नाही.

भामाबाईंनी हंडा खाली ठेवला. "आता काय लिहिशील?"

"जे झालं ते."

"मग त्यात माजं नाव घाल. खरं नाव. तू एकटी दिसू नको."

दोघी गठ्ठा घेऊन जीपसमोरून चालत गेल्या. त्यांचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी माझ्यासमोरची खिडकी पत्रा ठोकून बंद करण्यात आली.

मित्रांनो, लिहिणाऱ्याला मासिकाचा पत्ता जरूर द्या. फार पुण्याचे काम आहे ते. पण लिहिलेले छापून आले, की एकदा त्याच्या घरी जा. दारात कोण उभे आहे ते पाहा, आणि लिहिणाऱ्याजवळ जाऊन बसा.