मागावरचा बूट

सौरवनं मला कामावरून काढलं ते व्हॉट्सअॅपवर, शेवटी हात जोडलेलं चिन्ह टाकून. 'उद्यापासून वेबसाइट पुण्याची एजन्सी बघेल. पुढच्या वाटचालीस शुभेच्छा.' मी त्या वेळी त्याच्याच दुकानाच्या माडीवर साड्यांचे फोटो काढत होते आणि तो खाली गादीवर बसला होता. बारा पायऱ्या चढून येऊन तोंडावर सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्या बारा पायऱ्या मी त्याला अजून माफ केलेल्या नाहीत, आणि करणारही नाही.

दुकान खडेबाजारातलं, नाव जयाबाई सिल्क्स. जयाबाई म्हणजे सौरवची आजी. आम्ही वडगावचे विणकर. माझे आप्पा, म्हणजे भरमाअण्णा, हातमागावर साड्या विणतात आणि त्या याच दुकानाला द्यायचे. मी चार वर्षांपूर्वी कॉलेज संपवून तिथं वेबसाइट सांभाळायला लागले, तेव्हा दिवसाला चाळीस माणसं साइटवर यायची. त्यातल्या तीस वेळा मीच असायची, काही बिघडलंय का बघायला.

सौरव म्हणायचा, जाहिराती करू, सवलती देऊ. मी ऐकलं नाही. मला एवढंच कळत होतं की माणूस नुसती साडी बघायला दुसऱ्यांदा येत नाही; ती कोण विणतंय, कुठवर आलीय, हे बघायला रोज येतो. म्हणून मी 'आज मागावर' असं एक पान सुरू केलं. रोज सकाळी आप्पांच्या मागाचा एक फोटो आणि चार ओळी. एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये, कारण आमच्या सीमाभागात साडी दोन्ही भाषांत शोधली जाते. आज काठ लावला. आज वीज नाही, पण हातमागाला काय त्याचं. आज आप्पांनी दीड वीत विणलं आणि पाठ धरली म्हणून उठले. लोक विचारायला लागले, अण्णांची पाठ कशी आहे? लांबलांबच्या बायका साडी मागावर असतानाच ठरवून टाकायच्या. तिसऱ्या वर्षी महिन्याला लाखभर लोक येऊ लागले. सौरवनं पेढे वाटले. पेढ्यांच्या पुड्यावर दुकानाचं नाव होतं.

लोक ज्याच्यासाठी यायचे तो होता जोंधळी काठ. जोंधळ्याचं कणीस उभं धरल्यासारखी नक्षी, आणि ती फक्त आप्पांच्या मागावर उठायची. काठाची सुतं वर ओढणाऱ्या दोऱ्यांची बांधणी त्यांनी सहा महिने खपून स्वतः केलेली. कागदावर काही नाही, सगळं बोटांत. साइटवर प्रत्येक जोंधळी साडीखाली मी लिहायची : 'विणकर भरमाअण्णा, वडगाव'. आप्पांना वाचायला जेमतेम येतं. पण ती ओळ ते माझ्या फोनवर बोट ठेवून वाचायचे.

एजन्सी आली आणि आठ दिवसांत ती ओळ गेली. काठाचं नाव झालं 'जयाबाई काठ'. खाली लिहिलं, 'आमच्या घराण्याच्या मागावर, तीन पिढ्यांची परंपरा'. आणि पहिल्याच पानावर भला मोठा फोटो : मागावर बसलेला सौरव, हातात आडवं सूत घालायचा धोटा. माग आमचा होता.

फोटो काढायला सौरव आणि एजन्सीची माणसं आमच्या घरी आली तेव्हा मी उद्यमबागेत नव्या नोकरीवर होते, एका फौंड्रीची वेबसाइट करत, जी फौंड्रीचा मालकही उघडत नाही. दुकानाच्या नेहमीच्या फोटोग्राफरनं जुन्या सवयीनं मूळ फोटो मलाच पाठवले. साइटवर फोटो कंबरेपर्यंतच कापलेला होता. मूळ फोटोत कडेला आप्पा उभे होते. सौरवच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून त्यांच्या हातात पांढरा पुठ्ठा दिलेला, दोन्ही हातांनी वर धरलेला. आणि मागावर पाय खड्ड्यात सोडून बसतात हे सौरवला माहीत नसल्यानं त्यानं एक पाय वर घेतलेला. आप्पांच्या बसायच्या फळीवर, ताणलेल्या सुताला टेकून, तपकिरी चकचकीत बूट.

आमच्यात लहान पोरसुद्धा चप्पल घालून मागाजवळ जात नाही. सकाळी मागाला हात लावून पाया पडल्याशिवाय आप्पा चहा घेत नाहीत. आणि त्याच मागावरचा बूट बघत ते पुठ्ठा धरून उभे होते.

"आप्पा, तुमी बोलला न्हाईसा काय?" मी विचारलं.

"काय बोलतीस गं. सावकार हाय त्यो," आप्पा म्हणाले. "सोड."

मी सोडणार नव्हते. सौरवला मी भर खडेबाजारात मान खाली घालून चालायला लावणार होते, आणि ती ओळ, 'विणकर भरमाअण्णा', त्याच्याच हातानं परत लिहून घेणार होते. मी सोशल मीडियावर आप्पांच्या नावानं नवं पान उघडलं आणि मूळ फोटो, पुठ्ठ्यासकट, बुटासकट, त्यावर टाकला. वर एकच ओळ, दोन्ही भाषांत : 'ह्या फोटोत काय चुकलंय?'

उत्तर मी दिलं नाही. मला माहीत होतं, उत्तर दिलं की लोक वाचून निघून जातात. प्रश्न टाकला की थांबतात आणि दुसऱ्यालाही ओढून आणतात. पहिलं उत्तर शहापुरातून आलं, एका विणकराच्या बायकोचं : 'बूट.' मग बोरगावहून, निपाणीहून, पार तिकडं इचलकरंजीहून. ज्यांना बूट दिसला नाही त्यांना इतरांनी समजावलं. मग कुणीतरी विचारलं, पुठ्ठा धरून उभा आहे तो म्हातारा कोण? चार वर्षं रोज आप्पांच्या पाठीची चौकशी करणाऱ्या बायकांनी त्यांना ओळखलं आणि मग जे काही सुरू झालं ते मी जेवण विसरून वाचत बसले. सौरवच्या सात पिढ्या लोकांनी उद्धरल्या. मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तीन दिवसांत तीन लाख लोकांनी तो फोटो बघितला.

चौथ्या दिवशी सौरवचा फोन आला. मी खुशीत उचलला.

"रचना, लई भारी केलीस की गं," तो हसत होता. "गर्दीनं साइट दोनदा बंद पडली. जेवढ्या जोंधळी होत्या तेवढ्या एका दुपारी संपल्या. एजन्सीवाले विचारायलेत, कोण ही बाई म्हणून. येतीस काय परत?"

मला काही कळेना. मी पोस्ट उघडून खालपर्यंत नीट वाचली. शेवटच्या ओळीत जयाबाई सिल्क्सच्या पानाचा पत्ता होता. चार वर्षं प्रत्येक मजकुराखाली तो चिकटवायची हाताला इतकी सवय की शिव्या घालतानाही मी तो चिकटवला होता. लोक भांडायला गेले, आणि साड्या घेऊन आले. सूड घ्यायला निघालेल्या मी त्याला अख्ख्या जन्मात मिळालं नसतं एवढं गिऱ्हाईक गोळा करून दिलं होतं. त्या दिवशी मी फौंड्रीच्या संडासात जाऊन रडले.

रविवारी सौरव स्वतः वडगावला आला. बूट दाराबाहेर काढून आला, एवढं तरी शिकला होता. लग्नसराई तोंडावर, निपाणीकडची माणसं दुकानात येऊन भरमाअण्णांचीच साडी द्या म्हणून अडून बसायला लागलेली.

"अण्णा, साठ साड्या पायजेत जोंधळीच्या," तो म्हणाला. "म्हनशीला तसं करू. नाव घालू तुमचं. आत्ताच घालतो बघा." आणि त्यानं खरंच फोन काढला.

हेच तर मला हवं होतं. आप्पा माझ्याकडं बघतील, मी मान हलवीन, असं मी मनात ठरवूनही टाकलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते उठले, खिळ्याला अडकवलेली कात्री घेतली आणि मागाच्या वर हात घालून काठाच्या दोऱ्यांची बांधणी कापायला लागले. एकेक दोरी, घाई न करता. सहा महिन्यांचं काम दहा मिनिटांत खाली पडलं.

"अण्णा, अवो काय कराय लागलाय?" सौरव उठून उभा राहिला.

"आता ह्यो काठ कुनाच्याच मागावर न्हाय," आप्पा म्हणाले. "जयाबाईचं नाव घाला न्हायतर माझं घाला. या आता, सावकार."

सौरवचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मी ते पोटभर बघितलं. लाखो लोक त्याच्या दारात येणार आणि त्याच्याकडं विकायला काही असणार नाही. एवढा चांगला सूड मला सुचलाच नसता. तो बूट घालून गेला तसं मी आप्पांचा हात धरला.

"आप्पा, आता बांधणी परत करू. आपल्या पानावर, तुमच्या नावानं. तीन लाख मानसं तुमचीच हाईत."

आप्पांनी हात सोडवून घेतला.

"तुझ्या पानावर पन न्हाय."

"का?"

"त्यानं मला पुठ्ठा धराय लावलं, ते तिथं चार मानसांनी बघितलं," ते म्हणाले. "तू तीन लाखास्नी दाखवलीस. मला इचारलं न्हाईस."

मी आप्पांची बाजू मांडतेय असं समजत होते. पण तो फोटो निवडताना मी बुटाकडं बघितलं, पुठ्ठ्याकडं बघितलं, हे लोकांना थांबवेल असं मनाशी म्हणाले. त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. नंतर बघितलं. त्या तोंडावर राग नव्हता. हे कुणाला कळू नये, एवढंच होतं.

आता आप्पा शहापुरातल्या एका दुकानदाराला साध्या काठाच्या साड्या विणून देतात. माझ्याशी बोलतात, जेवलीस का विचारतात. फोन पुढं केला तर मान फिरवतात. जयाबाई सिल्क्सच्या साइटवर जोंधळी काठाच्या जागी 'उपलब्ध नाही' असं लिहिलंय, आणि ते बघून मला अजून बरं वाटतं.

माझ्या पानावरचा तो फोटो काढायला एक बटण दाबायचं आहे. मी रोज सकाळी ते दाबायला पान उघडते, आणि रात्रीत नवीन किती लोक आले ते आधी बघते. काल चार हजार आले होते. फोटो अजून तिथंच आहे.