जोडीदाराची हजेरी

कॅप्टनसाहेब छातीवर दोन रांगा पदकं मिरवत मंचावर चढले, तेव्हा म्हाताऱ्या ड्रायव्हरला हसू आवरेना. "या माणसाने आयुष्यात एकदाच धाडस केलं," तो शेजारी बसलेल्या वहिनींच्या कानाला लागला, "मेसच्या आचाऱ्याला नावं ठेवली."

वहिनी हसल्या नाहीत. त्या लंबूची बायको. लंबू म्हणजे ड्रायव्हरचा जोडीदार, दोघांचा एकच ट्रक. लढाईच्या दिवसांत साहेबांच्या नाजूक पाठीला साधी खाट रुतत होती म्हणे! म्हणून सुरुंग पेरलेल्या रस्त्याने त्यांची स्प्रिंगची खाट आणायला या दोघांना पिटाळलं. ड्रायव्हर एकटाच परत आला. पुढे कागदोपत्री खाटेची औषधं झाली आणि साहेबांना पदक मिळालं.

पलटणीच्या मेळाव्यात जेवणाआधी हजेरी व्हायची, मेलेल्यांचीसुद्धा. मेलेल्याचं नाव पुकारलं की त्याचा जोडीदार त्याच्या वतीने "हजर" म्हणायचा आणि सगळे उठून उभे राहायचे. जिवंत माणसाने मात्र आपलं आपणच बोलायचं. वहिनी दर वर्षी दोन बस बदलून यायच्या, त्या या एका शब्दासाठी. नवऱ्याच्या नावाला अजून कुणीतरी ओ देतं, एवढं ऐकलं की त्यांचं वर्ष निघायचं.

साहेब आजवर मेळाव्याकडे फिरकले नव्हते. यंदा प्रमुख पाहुणे म्हणून बोलावल्यावर बरोबर फोटोग्राफर घेऊन आले.

हवालदाराने हजेरी सुरू केली. मेलेल्यांत पहिलंच नाव लंबूचं. ड्रायव्हर घसा साफ करत उठतोय, तोच साहेबांनी माईक ओढून घेतला.

"एकेकाचं ऐकत बसलो तर जेवण थंड होईल. सगळ्या अमर वीरांच्या वतीने मीच म्हणतो. हजर!"

पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. ड्रायव्हरच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने लंबूला मारलं, तोच आता त्याच्या वतीने बोलणार? आणि वर जेवणाची घाई!

वहिनींनी पिशवी उचलली. "निघते मी, भावजी. ज्यासाठी आले, ते काही झालं नाही."

"दोनच मिनिटं थांबा."

हवालदार गोंधळून जिवंतांच्या नावांकडे वळला. हुद्द्याप्रमाणे पहिलं नाव कॅप्टनसाहेबांचं. साहेब तोंड उघडणार, इतक्यात ड्रायव्हर ताडकन उभा राहिला आणि खच्चून ओरडला, "हजर!"

मग सवयीने म्हणा की समजून म्हणा, पलटणीतले म्हातारे एकेक करून उठले. टोप्या काढून, माना खाली घालून उभे राहिले.

साहेबांना गहिवरून आलं. आपल्यासाठी अख्खी पलटण उभी राहिली! त्यांनी डोळे टिपले, कडक सलाम ठोकला आणि फोटोग्राफरला जवळून फोटो घ्यायला खुणावलं. असा ठार मठ्ठ माणूस ड्रायव्हरने दुसरा पाहिला नव्हता.

हवालदाराने चष्मा सारखा केला. साहेबांकडे न बघता, माईकशिवायच, त्याने लंबूचं नाव पुन्हा पुकारलं.

"हजर," ड्रायव्हर म्हणाला.

वहिनींनी डोळे मिटून ऐकलं. मग त्या पुन्हा बसल्या आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"साहेब तर गेले," त्या हळूच म्हणाल्या. "आता जेवूनच जाऊ."